आती-आती

आमच्या सोलो शहरात चहाला तीन गुण लागतात:
चटका बसेल असा गरम, ओठ चिकटतील असा गोड,
आणि ग्लासापलीकडचा माणूस दिसू नये इतका दाट.
तिन्ही शब्दांची टोकं जोडून आम्ही त्याला नास्गितेल म्हणतो.
फिका चहा दिला तर पाहुणा काही बोलत नाही.
पुन्हा येत नाही, एवढंच.

माझी आई, सुमार्नी, चौतीस वर्षं हातगाडीवर हाच चहा करते
रेल्वे फाटकाच्या अलीकडे, ताडपत्रीखाली.
तीन किटल्या, एक शेगडी,
केळीच्या पानात मूठभर भात, वर मिरचीतली सुकी मासळी,
तळलेलं तेंपे, पाकात शिजून काळं पडलेलं टोफू,
आणि काडीला टोचलेली कोंबडीची काळजं,
गुळाच्या रसात बुडवून निखाऱ्यावर धरलेली.
अकराच्या आत संपतात ती. सगळ्यात आधी.

मी सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी करते.
मंगळवारी आईलाच टेबलावर झोपवलं.
"गार आहे गं," ती म्हणाली.
मग म्हणाली, "मुलगा की मुलगी?"
आणि स्वतःच हसली. पोट हललं, चित्र विस्कटलं.
"हसू नकोस. श्वास धर."

निरोगी काळीज पडद्यावर राखाडी दिसतं,
वाळत आलेल्या सिमेंटसारखं,
शेजारच्या मूत्रपिंडाच्या रंगाशी मिळतंजुळतं.
आईचं चकाकत होतं,
आटवलेल्या नारळाच्या दुधासारखं.
त्याच्यापलीकडचं मला काही दिसेना.

"दारूचा थेंब नाही," ती म्हणाली.
"पाच वेळची नमाज. सोमवार-गुरुवारचा रोजा."
खरंच आहे.
रोजा कशाने सोडतेस, हे मी विचारलं नाही.
मला माहीत होतं. ग्लास मीच भरून देते.

दात दुखला की घर डोक्यावर घेतो आपण.
गुडघा तर जिना दिसताच बोंबलतो.
हे मात्र गप्प.
आलेली साखर मोजून घेतं, खर्चून उरलेली
उद्या लागेल म्हणून चरबी करून फडताळात ठेवतं,
आणि उद्या येते ती पुन्हा साखरच.
फडताळाचं दार लागेनासं होतं
तरी कोणाला हाक मारत नाही.
"अजून वेळ गेलेली नाही," मी म्हटलं,
"फडताळ रिकामं होतं, आई, हळूहळू."
ती पोटावरचं जेल पुसत होती,
ओटा पुसावा तसं, कोपऱ्यांसकट.

आमच्या बोलीत काळजाला आती म्हणतात.
माणूस दुखावला की त्याचं आतीच दुखतं.
कोणी रात्रीचं निघालं की आम्ही दारातून म्हणतो, आती-आती.
काळीज, काळीज. म्हणजे काळजी घे.
आणि गाडीवरचं गिऱ्हाईक दोन बोटं वर करून म्हणतं,
दोन आती दे, जरा करपव.

महिन्याने ड्यूटी संपवून गाडीवर गेले.
सायकलरिक्षावाले तुकिरानकाका घोट घेऊन थांबले,
ग्लास दिव्यासमोर धरून त्यांनी आरपार पाहिलं.
"सुमार्नी, कोणाशी भांडलीस का आज?"
"साखर महागली," आई म्हणाली.
साखर महागली नव्हती.
काका उरलेला चहा प्यायले, पैसे ठेवले,
आणि दुसऱ्या दिवशीही आले, हे मला नंतर कळलं.

कोळशाच्या पोत्याआड आईचा स्वतःचा ग्लास होता.
दाट. तळाशी दोन बोटं साखर, न ढवळलेली.
तिने मला पाहताना पाहिलं
आणि पदार्थांवरचं फडकं उगाच सारखं केलं.
मी भांडायला हवं होतं.
अहवाल माझ्याच पिशवीत होता, तिचं नाव, माझी सही.

मी स्कूटर सुरू केली.
"आती-आती," ती नेहमीसारखी म्हणाली.
"तुझंसुद्धा," मी हेल्मेटमधून म्हटलं.
तिला ऐकू गेलं नसावं.
ती खाली वाकून निखाऱ्यांना वारा घालत होती.